जबड्यात तुटलेली पट्टी

कारखान्यात मला सगळे ताणमावशी म्हणतात. म्हणू देत. माझं कामच तोडायचं आहे. आमच्याकडे मागांवर जाड धाग्याच्या पट्ट्या विणल्या जातात, गाडीतल्या सीटबेल्टसारख्या, पण त्याहून कितीतरी दणकट. पुढच्या खात्यात त्यांचे कमरेचे आणि मांड्यांचे पट्टे शिवतात, आणि ते बांधून माणसं उंचावर लटकत कामं करतात. मागावरून गुंडाळी उतरली की तिचे तुकडे माझ्या टेबलावर येतात. मी तुकडा मशीनच्या दोन जबड्यांत अडकवते, बटण दाबते, वरचा जबडा सावकाश वर जातो, पट्टी ताणत ताणत जाते आणि शेवटी धाडकन तुटते. किती किलोला तुटली तो आकडा समोर येतो. आकडा भरला तर गुंडाळी पास, नाहीतर परत. "मावशीच्या हातात नवा रुमालसुद्धा देऊ नका, ओढून बघेल," हा आमच्या खात्यातला विनोद. पहिल्या वर्षी मीही हसले होते.

जबडा म्हणायचं, पण त्याला दात नसतात. जाड लोखंडी रूळ असतो, त्याला पट्टीचा वेढा द्यायचा आणि टोक दाबून बसवायचं. आता एक नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं. पट्टी दोन जबड्यांच्या मधे तुटली तर ती खरी तुटली. रुळावरच्या वेढ्यात तुटली तर ती धरायची नाही. तिथे पट्टी वाकलेली असते, दाबलेली असते, म्हणजे तो दोष जबड्याचा. आकडा न बघताच तुकडा टोपलीत टाकायचा, नवा लावायचा. हा नियम काही मी घरी बसून काढलेला नाही. शिकलेल्या माणसांनी काढलाय आणि सगळीकडे तसाच चालतो. मलाही तो पटलेलाच होता.

तर मागच्या आठवड्यात नारिंगी पट्टीच्या गुंडाळ्या आल्या आणि जबड्यात तुटायला लागल्या. एक तुटली, दुसरी तुटली, तिसरी तुटली. माझं डोकं फिरलं. "मेल्या, तोंडात दात नाहीत आणि चावतोस कुणाला?" असं मी मशीनला म्हणाले. मी मशीनशी बोलते, त्यात लाजण्यासारखं काही नाही, माणसांशी बोलून तरी काय उजेड पडतो. जबडा झिजला असणार म्हणून मिस्त्रीला निरोप धाडला. मिस्त्री "आलोच" म्हणाला, आणि त्याचं "आलोच" म्हणजे शिंप्याचं "उद्या". मग मी तुकडे लावतच राहिले. टोपली भरत आली. पण अधूनमधून एखादा तुकडा मधे तुटायचा आणि त्याचा आकडा चांगला भरभक्कम यायचा. तसे पाहिजेत तेवढे जमले, गुंडाळ्या पास झाल्या, शिवणखात्यात गेल्या. झालं. मी विसरूनसुद्धा गेले.

आज दुपारच्या आधी मिस्त्री उगवला. जबडा उघडला, रूळ काढला, पुसला, उजेडात धरून फिरवून पाहिला, मग डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला. हा माणूस तसा आळशी, पण त्याचा अंगठा खोटं बोलत नाही.

"मावशी, जबडा ठणठणीत आहे," तो म्हणाला. "उगाच बिचाऱ्याला शिव्या घालत होतात."

"मग माझे तुकडे का तुटत होते तिथे?"

"ते तुकड्यांना विचारा."

मी म्हटलं, विचारतेच. पांढऱ्या पट्टीचा तुकडा लावला. मधे तुटला. आणखी एक लावला, तोही मधेच. मग नारिंगी गुंडाळीचा उरलेला तुकडा शोधून लावला. वरचा जबडा हलला, पट्टी ताणली गेली आणि तुटली. जबड्यात. आणि आकडा इतका खाली की मी चष्मा काढून पदराला पुसला आणि पुन्हा पाहिला.

नारिंगी पट्टीचं टोक मी बोटाभोवती घट्ट वळवलं. आतून बारीक आवाज आला, कर्र. पांढरी वळवली, तिला आवाज नाही, मऊ वळली. नारिंगी पुन्हा वळवली. कर्र. जास्त इस्त्री लागून कडक झालेल्या कॉलरसारखी लागत होती हाताला. रंगवल्यावर पट्टी भट्टीतून काढतात, तिथे कुणीतरी आच वाढवून ठेवली असणार आणि धागा करपला असणार. सरळ ओढली तर दणकट. वाकवून ओढली की गेली. म्हणजे जबडा आठवडाभर खरं सांगत होता आणि आम्ही त्याचं म्हणणं टोपलीत टाकत होतो.

आणि कमरेच्या पट्ट्यात पट्टी कुठे वाकते? बकलात. बकलाशिवाय पट्टा असतो का कुठे?

मी टेबल घट्ट धरलं. कारण आमची बारकी त्याच पट्ट्यावर लटकते.

बारकी म्हणजे माझी धाकटी मुलगी. उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुते, दोरावर लटकून. आमच्या ह्यांना उंचीची इतकी भीती की घरातला दिवा बदलायचा तर खुर्चीवर मीच चढते आणि हे खालून डोळे मिटून खुर्ची धरतात. पोरगी कुणावर गेली देव जाणे. नोकरी लागली तेव्हा मी चार दिवस बोलले नव्हते तिच्याशी. ती मात्र गळ्यात पडून म्हणाली, "आई, पट्टे तुझ्याच कारखान्यातले घेतात गं. तूच तपासलेले. मग कशाला घाबरतेस?" माझंच हत्यार माझ्यावर. आणि परवाच नवा पट्टा मिळाला म्हणून घरी घालून मिरवत होती. नारिंगी. "छान दिसतो ना?" मी म्हटलं होतं, "छान दिसतो." वर आणखी हातानं बकल ओढून बघितलं होतं.

फोन लावला. वाजत राहिला. वाजणारच. वर जाताना खिशात काही ठेवायचं नाही हा त्यांचा नियम, वरून फोन सुटला तर खालच्याचं डोकं फुटेल. सगळ्यांचे फोन खाली मुकादमाजवळच्या डब्यात. माझ्याकडे मुकादमाचा नंबर नाही. आई असून मुकादमाचा नंबर नाही माझ्याकडे! मी स्वतःला काय काय म्हणाले ते इथे सांगत नाही.

साहेबांच्या खोलीत गेले. ते जेवत होते. मी नारिंगी तुकडा त्यांच्या कानाशी धरला आणि वळवला. कर्र. त्यांचा घास हातातच राहिला. माणूस वाईट नाही, त्यांना एका क्षणात कळलं. चेहरा खडूसारखा झाला.

"किती पट्टे बाहेर गेले?" त्यांनी विचारलं.

"ते गोदामाला विचारा. सगळ्यांना फोन करा, एकूण एक गिऱ्हाइकाला. माझी पोर वर लटकलीये, मी चालले."

ते गोदामाचा नंबर फिरवत होते तेवढ्यात मी फाटकापर्यंत पोचलेसुद्धा होते. मिस्त्री स्कूटर घेऊन उभा होता. मी सांगितलं नव्हतं, तोच काढून उभा होता. मी मागे बसले आणि म्हटलं, "आज जर रमतगमत चालवलीस ना, तर याद राख." तो म्हणाला, "घट्ट धरा." आणि खरंच, मी त्याला इतकं घट्ट धरलं होतं की नंतर त्यानं दंडावरचे वळ दाखवले.

रस्त्यात मी वर बघत होते. एरवी माणूस रस्त्यानं जाताना वर बघतो का? मला जिथे तिथे काचेच्या इमारती दिसत होत्या आणि प्रत्येकीवर माणूस लटकल्याचा भास होत होता. मशीनवर पट्टी तुटते तेव्हा बंदुकीसारखा आवाज होतो. नवीन माणूस दचकतो, मी डोळ्याची पापणीसुद्धा हलवत नाही, सवय झालीय. आज एका ट्रकचा टायर कुठेतरी फुटला आणि मी किंचाळले. मिस्त्री म्हणाला, "टायर आहे मावशी, टायर." मला रडू फुटलं. मी त्याच्या पाठीला डोकं टेकवून रडत होते आणि "चल रे, चल रे" म्हणत होते. लाल दिव्यावर बाजूच्या गाडीतला माणूस बघत होता. बघ म्हटलं, तुझं काय जातंय.

हिशोब मला येत होता, तेच वाईट होतं. नुसत्या अंगाच्या वजनाला तो पट्टा टिकेल, परवापासून टिकलाच होता. झटक्याला टिकणार नाही. पाय घसरला, वाऱ्यानं काचेवर आपटवलं, दोर थोडा सुटून एकदम ताणला गेला, की बकलापाशी जाईल. आणि त्यांना दोन दोर असतात, एक तुटला तरी दुसरा धरतो, असं बारकीनं मला किती वेळा समजावलं होतं. पण ते दोन्ही दोर अडकवलेले कशाला? त्याच एका पट्ट्याला. दोर दोन, पट्टा एक. हे मला इतक्या दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं.

इमारतीखाली पोचलो. मुकादम दोऱ्या बांधून अडवलेल्या जागेत स्टूल टाकून बसला होता. वर पाहिलं. काचेच्या त्या प्रचंड भिंतीवर, बऱ्याच उंचीवर, एक माणूस लटकत होता. एवढासा दिसत होता. पट्टा नारिंगी होता, तेवढं मात्र खालूनही दिसत होतं.

मिस्त्रीनंच मुकादमाला काय ते सांगितलं, चार वाक्यांत. मुकादम ताडकन उठला आणि त्यानं गळ्यातली शिट्टी तोंडात घातली. मी झडप घालून ती ओढली. त्याच्या मानेला दोरी काचली.

"शिट्टी वाजवली की ते काय करतात?" मी विचारलं.

"भिंतीला पाय मारून सरसर खाली येतात."

"मग वाजवू नकोस, बाबा. पाया पडते तुझ्या. झटका बसता कामा नये. अजिबात झटका बसता कामा नये."

त्याला कळलं. "गच्चीवर चला," तो म्हणाला. मिस्त्रीला त्यानं खाली लोकांना लांब ठेवायला उभं केलं आणि आम्ही दोघं आत पळालो.

लिफ्ट. त्या लिफ्टला चारी बाजूंनी आरसे होते. जिकडे बघावं तिकडे मीच, केस सुटलेली, गळ्यात चष्मा, हातात अजून तो नारिंगी तुकडा. मी डोळे मिटले तर आणखी वाईट दिसायला लागलं, म्हणून उघडले. मनात एकच चाललं होतं, आज वारा नाहीये, आज वारा नाहीये. मुकादम सारखं बटण दाबत होता, जसं काही दाबून लिफ्ट लवकर जाते. मी त्याला रागावले नाही. मीसुद्धा मनात दाबतच होते.

गच्चीचं दार ढकललं आणि समोर पाण्याच्या टाकीच्या सावलीत पाय पसरून बारकी बसली होती. बाटलीतून पाणी पीत होती.

"आई?" ती म्हणाली. "तू इथे कशी?"

कमरेला जुना निळा पट्टा होता. निळा. मी तिथेच मटकन खाली बसले आणि तिचे दोन्ही गाल धरले, खांदे चाचपले, हात चाचपले. जीव भांड्यात पडला म्हणतात, तसा पडला. मी हसत होते. खरं सांगते, मोठ्यानं हसत होते. "तुझा नवा पट्टा कुठाय गं?"

"लंबूला दिला, पट्ट्या पूर्ण सैल करून. त्याचा जुना फार रुतायचा त्याला, म्हणाला आजचा दिवस दे. का?"

लंबू म्हणजे तिच्या जोडीचा मुलगा. ताडमाड, तिच्या दुप्पट वजनाचा. आमच्या घरी दोनदा आलाय, दारातून वाकून आत येतो आणि मला मावशी म्हणतो. मघाशी खालून पाहिला तो लंबू होता. आणि मी हसत होते. हे सगळं कळूनसुद्धा मला क्षणभर वाटलं, नशीब, माझी पोर नाही. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कारटं. म्हण कधी माझ्या अंगाला अशी येऊन चिकटेल असं वाटलं नव्हतं. हसू थांबलं. मग दुसरी भीती सुरू झाली आणि ती पहिलीपेक्षा कमी नव्हती.

मी सांगितलं. बारकीनं पट्टीचा तुकडा हातात घेऊन एकदा वळवला आणि कर्र ऐकल्याबरोबर उठली. कठड्याशी जाऊन आम्ही खाली वाकलो. लंबू आमच्या बऱ्याच खाली होता. काच पुसत होता आणि गात होता. बेसूर. पाय काचेवर रोवून, सगळा भार मागे टाकून, डावीकडे झुलायचा, तिकडचं पुसायचा, मग उजवीकडे झुलायचा. प्रत्येक झोक्याला दोर कुरकुरत होता. मला त्यात ते बकलच ऐकू येत होतं.

"त्याला सांगू या, हळू खाली ये म्हणून," मुकादम म्हणाला.

"त्याला कळलं तर हातपाय गाळेल तो," बारकी म्हणाली. "दिसतो तेवढा धीट नाही. आणि खाली सुटताना पहिला झटका बसतोच, कितीही हळू सुटा." ती बोलता बोलता आपले दोर तपासत होती. "मी त्याच्याशेजारी उतरते. बॅगेतला पट्टीचा रुंद फास त्याच्या काखेतून घालते आणि माझ्या दोराला अडकवते. मग पट्टा राहिला काय नि गेला काय. मग दोघं मिळून हळूहळू खाली."

"आणि तू अडकवत असतानाच तुटला तर?" मी विचारलं.

तिनं दोराची गाठ पुन्हा एकदा ओढली. उत्तर मला माहीतच होतं. तुटला तर तो तिच्यावर येणार, तिच्या दुप्पट वजनाचा पोरगा, आणि तो झटका हिच्या निळ्या पट्ट्याला बसणार.

निळा पट्टा माझ्या हातूनच पास झालेला. खूप आधी. तेव्हाही जबड्यात तुटलेले तुकडे टोपलीतच गेले असणार, किती गेले ते कुणाला आठवतंय? मागच्या आठवड्यातली माझी तपासणी फसवी निघाली, मग त्या जुन्या तपासणीवर मी कशी विसंबू? लोक माझ्या सहीवर विसंबून कठड्यावरून पाय खाली सोडतात आणि त्या क्षणी माझा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. मी तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले आणि तिच्या कमरेची पट्टी बकलापाशी धरून बोटांनी वळवायला लागले. कान लावला. बारकी म्हणाली, "आई, वेळ नाहीये." मी म्हटलं, "गप्प उभी राहा." मांड्यांच्या पट्ट्या वळवल्या. खांद्याच्या वळवल्या. मग तो रुंद फास वळवला, इंचाइंचानं. उन्हानं विटलेली, धुऊन धुऊन मऊ पडलेली पट्टी. आवाज नाही. कुठेच आवाज नाही. तरी माझी बोटं सुटत नव्हती. खाली तो बेसूर गात होता.

मला तिला पोत्यात घालून घरी न्यायची होती. त्यासाठीच आले होते मी. कुणाचं कारटं पडलं तर पडू दे, असं सुद्धा आलं मनात, देव मला क्षमा करो.

"जा," मी म्हणाले.

ती कठड्यावर चढली, दोन्ही दोर ओढून पाहिले आणि पाठ बाहेर करून खाली गेली. मी कठड्यावर पोट टेकून बघत राहिले. ती त्याच्या वरून जात नव्हती, बाजूनं जात होती, हळू, काचेवर पाय टेकत. लंबूनं वर पाहिलं. "काय गं, जेवणाची सुट्टी संपली?" असं काहीतरी ओरडला. ती म्हणाली, "मुकादमानं सराव करायला सांगितलाय. तू जखमी आहेस. हलू नकोस." तो म्हणाला, "मी जखमी? वा! मग मर पण जाऊ का?" आणि हात पाय सोडून मानेला झोक देऊन लटकला, मेल्याची नक्कल. दोर गर्रकन फिरला. मी तोंडात पदर कोंबला.

"हलू नकोस म्हटलं ना!" बारकी त्याच्यावर खेकसली. तो आवाज माझा होता. हुबेहूब माझा, मी मशीनवर खेकसते तसा. तो थांबला.

ती त्याच्याजवळ पोचली. फास त्याच्या एका काखेतून गेला. दुसऱ्या काखेतून जाईना, त्याची पाठ एवढी रुंद. ती त्याला मिठी मारल्यासारखी हात पाठीमागून घालून चाचपडत होती. मग कडी लागली. इतक्या उंचीवरून आवाज येणं शक्य नाही, पण मला आला. तिनं वर पाहून हात केला आणि ते दोघं एकमेकांना चिकटून खाली सरकायला लागले.

आता मी बघायचं कसं? थोड्या वेळात ते इमारतीच्या फुगवट्याखाली गेले आणि मला दिसेनासे झाले. नुसते दोर दिसत होते, थरथरणारे. मुकादम दोरांपाशी थांबला. मी लिफ्टकडे पळाले.

ती लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबली. जेवणाची वेळ, दुसरं काय होणार. दोघी जणी शिरल्या, हातात चहाचे कागदी पेले, कुणाच्या तरी बढतीबद्दल बोलत होत्या. मग एक जण दारात पाय घालून मित्राची वाट बघत उभा राहिला. "आत व्हा की!" मी ओरडले. तो दचकून आत आला. खाली जाणारे आकडे बघत मी उभी होते आणि प्रत्येक आकड्याला वाटायचं, आत्ता. आत्ता तो आवाज येईल. भिंतीपलीकडे, काचेच्या बाहेर, माझी पोर त्याच वेगानं खाली येत असेल किंवा फार वेगळ्या वेगानं. मला घामानं चिंब झालेली बघून एकीनं विचारलं, "बरं वाटत नाहीये का?" मी नाही म्हणून मान हलवली. का हो म्हणून, आठवत नाही.

बाहेर आले. मिस्त्री मला बघून दोन्ही हात वर करून हलवत होता आणि त्याच्यामागे फरशीवर ती दोघं बसली होती. दोघं. मी मोजली. एक आणि दोन.

बारकीनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही. लंबू अजून हसत होता, "कसला सराव हा, मधेच?" म्हणत पट्टा सोडायला लागला. बकल उघडलं. बकलाखालची पट्टी अर्ध्या रुंदीपर्यंत पिंजली होती, नारिंगी तंतू कापसासारखे बाहेर आले होते. उरलेल्या अर्ध्यावर तो मेल्याची नक्कल करत लटकला होता.

त्यानं एक तंतू ओढून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, मग बारकीकडे. हसू गेलं. त्याचे एवढे लांब पाय, ते असे थडथड हलायला लागले की फरशीवर बूट वाजत होते. बारकी त्याच्या गुडघ्यावर हात दाबून बसली.

तेवढ्यात मुकादमाच्या डब्यातला एक फोन वाजायला लागला. मिस्त्रीनं झाकण उघडलं. "आई असं लिहिलंय. कुणाचा?"

लंबूनं हात पुढे केला आणि मागे घेतला. त्याचे दात वाजत होते. "मावशी, तुम्ही बोला ना," तो म्हणाला. "माझ्या आवाजावरून तिला कळेल. सांगा जेवतोय म्हणून. रोज याच वेळेला करते."

मी फोन घेतला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, लंबूच्या जोडीला असते तिची आई मी, तो हात धुतोय.

"अगंबाई, तुम्ही का!" पलीकडून प्रसन्न आवाज आला. मागे कुठेतरी भांड्यांचा आवाज होता. "आमचा मुलगा सारखा सांगत असतो तुमच्याबद्दल. पट्टे तुम्हीच तपासता ना? काय सांगू, तो या कामाला लागला तेव्हा माझी झोप उडाली होती. मग तो म्हणाला, अगं आई, ज्या बाई पट्टे पास करतात त्यांची स्वतःची मुलगी लटकते माझ्या शेजारी. म्हटलं, मग झालं तर. त्या दिवसापासून मी अगदी निर्धास्त असते बघा."

लंबू माझ्या तोंडाकडे बघत होता. बारकीही बघत होती. मी हातातला नारिंगी तुकडा खाली टाकला.

"ताई," मी म्हणाले, "निर्धास्त राहू नका."